पाऊस नाही तरी माळा ओला: पाणी येतंय कुठून?

कवडसा

घर उतरत्या छपराचं आहे. वर कौलं, त्याखाली डांबरी कागद, मग फळ्या, वासे, आणि खोल्यांना सपाट तक्तपोशी. तक्तपोशी आणि छपराच्या मधला माळा आम्ही फक्त जुनं सामान टाकायला वापरतो, त्यामुळे तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

परवा एक पेटी काढायला वर गेले तर कुबट वास. पेटीच्या झाकणावर पाण्याचे थेंब. बॅटरी मारून बघितलं तर उत्तरेकडच्या पाख्याच्या फळ्या ठिकठिकाणी काळ्या पडल्यात. दक्षिणेकडचं पाखं त्यामानानं बरंच स्वच्छ. गंमत म्हणजे पाऊस संपून कितीतरी आठवडे झालेत. सध्या थंडी आहे, रात्री चांगलाच गारठा असतो, पण आकाश निरभ्र.

छपराचं काम करणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, अख्खं छप्पर उलगडून वॉटरप्रूफिंग करा. यजमान म्हणतात, उन्हाळ्यात आपोआप वाळेल, कशाला हात लावायचा. दोन्ही पटत नाही. कुणाला अनुभव आहे का? नक्की काय बघू?

चिवट

कौल सरकलं असणार. मांजरं, माकडं फिरतात, एखादं कौल हलतं, आणि पाणी फळ्यांमधे मुरून राहतं. पावसात भिजलेलं लाकूड थंडीत वाळत नाही. एक माणूस वर चढवा, कौलं नीट बसवून घ्या.

रंधा

थांबा, छपरावर कुणाला चढवायच्या आधी पुन्हा एकदा माळ्यावर जा. पहाटे जा, ऊन यायच्या आत. आणि एवढं बघून या:

फळ्यांमधून आत आलेली खिळ्यांची टोकं गंजलीत का? त्यांच्यावर थेंब आहेत का? खाली सामानावर जी धूळ बसलीय तिच्यात बारीक गोल खळगे दिसतात का, आणि दिसत असतील तर ते रांगेत आहेत की कसेही पसरलेत? काळे डाग एकाच जागी आहेत की अख्ख्या पाख्यावर थोडे थोडे? डागाला तपकिरी कडा आहे का?

यावर निम्मं निदान होतं. बाकी चर्चा नंतर.

कवडसा

@रंधा, आज पहाटे जाऊन आले. खिळ्यांची टोकं सगळी तांबूस झालीत, आणि उत्तरेकडच्या जवळजवळ प्रत्येक टोकावर थेंब लोंबत होता. धुळीतले खळगे आहेत! पेट्यांवर अगदी सरळ रेषेत, आखून काढल्यासारखे. तुम्ही विचारलं नसतंत तर लक्षातच आलं नसतं. डाग पाखंभर आहेत, पण न्हाणीघराच्या वरच्या भागात जास्त गडद. तपकिरी कडा कुठेच दिसली नाही. दहा वाजता पुन्हा डोकावले तेव्हा थेंब गायब.

रंधा

मग छप्पर गळत नाहीये. निदान हे पाणी तरी छपरातून आलेलं नाही.

कौलातून आलेलं पाणी एका वाटेनं येतं. फळीवरून, वाशावरून ओघळतं आणि भोक जिथं असेल तिथून चार हात लांब जाऊन टपकतं. त्याचा डाग एका जागी असतो. लाकडातला रंग पाण्याबरोबर कडेला जातो आणि वाळताना तिथेच साचतो, म्हणून कडेला तपकिरी रेघ उमटते. प्रत्येक पावसात नवी रेघ. असा डाग बघितला की मी डोळे मिटून सांगतो, वर भोक आहे.

तुमच्याकडे सगळ्या खिळ्यांवर एकदम थेंब आहेत. प्रत्येक खिळ्याजवळ भोक पडलंय असं तर होणार नाही. खिळा लोखंडाचा. त्याचं एक टोक वरच्या थंड बाजूला, त्यामुळे तो लाकडाच्या आधी गार होतो. माळ्यावरच्या हवेतलं बाष्प सगळ्यात आधी त्याच्यावर धरतं. खिळे ओळीत मारलेले म्हणून खळगे ओळीत. दक्षिणेचं पाखं ऊन खातं, दिवसा वाळतं. उत्तरेचं थंडीत उन्हाला मुकतं, म्हणून तिथं ओल साठत जाते.

हे पाणी तुमच्याच घरातलं आहे. खालून वर गेलेलं.

भोचक

खालून वर? आमच्या शाळेत पाणी वरून खाली वाहतं असं शिकवलं होतं बुवा :-)

आणि वाफ म्हणावी तर मधे तक्तपोशी आहे की. तिच्यातून एवढं पाणी जाईल?

टेकू

@भोचक, पाणी नाही, हवा जाते. बाष्प त्या हवेबरोबर फुकटात प्रवास करतं.

थंडीत घरातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम, म्हणून हलकी. ती वर चढते, वरच्या छताला दाब देते आणि मिळेल त्या फटीतून माळ्यावर निसटते. तितकीच गार हवा खालच्या मजल्यावर दारं-खिडक्यांच्या फटीतून आत येते. ही ये-जा चोवीस तास चालू असते. छताच्या फळीतून किंवा गिलाव्यातून झिरपणारं बाष्प आणि एखाद्या बोटभर भोकातून हवेबरोबर जाणारं बाष्प यांची तुलनाच नाही, भोकातून कितीतरी पट जास्त जातं. त्यामुळे 'मधे तक्तपोशी आहे' याला फारसा अर्थ नाही. तक्तपोशीला भोकं किती, हे महत्त्वाचं. दिव्यांची भोकं, पंख्याच्या आकड्याची भोकं, वायरी आणि नळ जिथून वर जातात त्या जागा, धुराड्याभोवतीची पोकळी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे माळ्यावर जायचं झाकण. त्या झाकणाला रबरी पट्टी लावलेली घरं मी फार कमी बघितली.

आता आकडे. खोलीत २२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, म्हणजे कुणाला दमटही वाटणार नाही अशी हवा. तिचा दवबिंदू येतो साधारण १४ अंश. याचा अर्थ, ही हवा १४ अंशांहून गार अशा कुठल्याही पृष्ठभागाला टेकली की तिथं पाणी धरणार. थंडीतल्या रात्री छपराच्या फळीची खालची बाजू १४ च्या बरीच खाली जाते. निरभ्र आकाश असेल तर आणखीच, कारण तेव्हा छप्पर आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतं. 'पाऊस नाही, आकाश स्वच्छ, तरी ओल' असं जे कवडसा म्हणतात त्यात म्हणूनच विरोधाभास नाही. आकाश स्वच्छ आहे म्हणूनच ओल जास्त आहे.

शिडीवरून

टेकू आणि रंधा यांच्याशी सहमत, पण लगेच गळती निकालात काढू नका. दोन्ही एकाच माळ्यावर सुखानं नांदताना मी बघितलंय.

छपराचा मधला सपाट भाग सहसा गळत नाही. गळतात त्या जोडाच्या जागा. धुराडं जिथं छपरातून बाहेर येतं ती, दोन पाखी जिथं आतल्या कोपऱ्यात मिळतात ती खाच, भिंत आणि छपराचा सांधा, नळ बाहेर पडतो तिथली रबरी टोपी. ही टोपी उन्हानं कडक होते आणि तिला चिरा जातात. पत्र्याचं छप्पर असेल तर स्क्रूखालचे वॉशर आधी बघायचे, तेही उन्हानंच मरतात. पन्हळ पाल्यानं तुंबली की पाणी मागे फुगतं आणि वळचणीकडून आत शिरतं. तो डाग नेहमी कडेला, खालच्या अंगाला असतो.

वाऱ्याचा पाऊस हा वेगळाच प्रकार. एरवी कोरडं असणारं छप्पर एकाच दिशेच्या झडीत गळतं. तेव्हा वारा कुठून होता तेही लक्षात ठेवा.

शंका असेल तर कोरड्या दिवशी नळी घेऊन चढा. आत एकजण बॅटरी घेऊन बसवा. पाणी खालून वर मारत जायचं, एका वेळी थोडा भाग, आणि प्रत्येक ठिकाणी धीर धरायचा. आधीच आढ्यावर पाणी सोडलं तर सगळं छप्पर भिजतं आणि कुठून आलं ते कळायचा प्रश्नच मिटतो. बरेच लोक नेमकं तेच करतात. आणि हो, ओल्या कौलावर पाय ठेवू नका. पडलात तर माळ्याची ओल हा तुमचा सगळ्यात छोटा प्रश्न उरेल.

पानगळ

आमचं प्रकरण अगदी उलटं आहे म्हणून लिहिते. आम्ही गरम, दमट हवेच्या भागात राहतो. आमच्याकडे माळा ओला होतो तो उकाड्यात. फॉल्स सीलिंगवर एसीचे डक्ट, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्या आहेत. मे महिन्यात छताला पिवळे गोल डाग पडले, सगळ्यांनी 'टाकी गळते' म्हणून ठरवून टाकलं. टाकी तपासली, कोरडी ठणठणीत. शेवटी वर चढलेल्या माणसानं डक्टला हात लावला तर हात ओला. बाहेरचं वेष्टण एका सांध्यावर सुटलं होतं आणि तिथून पाणी ठिबकत होतं.

टेकू

@पानगळ, नियम तोच, दिशा उलटी. ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २५ अंश. एसीच्या डक्टमधली हवा १२ ते १४ अंशांची. उघडा पत्रा त्या हवेत घामाघूम होणारच. गरम दमट भागात माळ्यावर गार वस्तू कुठली आहे ते शोधायचं: डक्ट, एसीची गार नळी, गार पाण्याचा पाइप, किंवा एसी खूप वेळ चालवून थंड झालेलं छत.

तिथं अजून एक बघायचं. इनडोअर युनिट माळ्यावर किंवा छताच्या वर असेल तर त्याच्या निचऱ्याची नळी शेवाळानं तुंबते, ट्रे भरतो आणि पाणी छतावर सांडतं. डाग नेमका युनिटच्या खाली, आणि फक्त एसी चालतो त्या दिवसांत, असं असेल तर पहिला संशय तिथं.

कवडसा

सगळ्यांचे आभार. एक नवीन सापडलंय.

न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन आहे. तो बाहेरच्या भिंतीत नाही, छतात आहे. मला वाटायचं त्याची नळी छपरातून बाहेर काढलीय. आज वर वाकून बघितलं तर नळी आहे, हातभर लांबीची, आणि ती तिथेच माळ्यावर उघडी सोडून दिलीय! तोंड वाशांच्या मधे. त्याच्या समोरच्या फळ्या सगळ्यात काळ्या. घर घेतलं तेव्हापासून हे असंच असणार.

रंधा

घ्या. सापडला.

हे इतक्या घरांत दिसतं की आता मला आश्चर्यही वाटत नाही. फॅन बसवणाऱ्याला छपराला भोक पाडायचं नसतं, कारण मग ते न गळण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. खाली बसलेल्याला वाटतं वाफ गेली. गेली, पण माळ्यावर.

टेकू

किती गेली त्याचा हिशेब करून बघू. ताशी १५० घनमीटर हवा ओढणारा फॅन २० मिनिटांत ५० घनमीटर हवा टाकतो. आंघोळीनंतरच्या २४ अंशांच्या, जवळपास संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे २० ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे एका आंघोळीला एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपात माळ्यावर. सगळं काही फळ्यांवर धरत नाही, बरंचसं फटींतून बाहेर जातं. पण रोज, घरातल्या प्रत्येकाच्या आंघोळीला, थंडीचे सगळे महिने.

कपडे वाळवायच्या यंत्राची नळी, स्वयंपाकघरातली चिमणी यांचंही तेच. नळी थेट बाहेर निघाली पाहिजे. वळचणीखाली, झरोक्यासमोर आणून सोडणं हा अर्धवट उपाय, कारण झरोका तीच हवा परत आत ओढतो. माळ्यातून जाणारी नळी शक्य तितकी आखूड ठेवा, तिला वेष्टण घाला आणि बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. नाहीतर नळीच्या आतच पाणी धरतं आणि फॅनमधून डोक्यावर टपकतं.

भोचक

बरं, मानलं. वरूनच नाही, खालूनही येतं.

पण मग सोपं आहे की. माळ्यावर एक मोठा एक्झॉस्ट लावायचा, सगळी दमट हवा बाहेर. विषय संपला.

टेकू

अजिबात नको. फॅन ओढणार ती हवा कुठून येणार? वळचणीचे झरोके अपुरे असतील, आणि बहुतेक घरांत असतात, तर तो तक्तपोशीच्या भोकांतून घरातलीच हवा वर खेचणार. म्हणजे जी वाट बंद करायची तिलाच जोर. शिवाय घरात गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल तर असल्या ओढीनं धुराची नळी उलटी वाहायला लागू शकते. कार्बन मोनॉक्साइड खोलीत येणं ही ओलीपेक्षा फार गंभीर गोष्ट आहे.

साधे झरोके पुरतात. अर्धे खाली वळचणीला, अर्धे वर आढ्याजवळ, म्हणजे हवा खालून शिरते आणि वरून जाते. सर्रास वापरला जाणारा आकडा म्हणजे माळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी उघडी जागा. ९० चौरस मीटरचा माळा असेल तर एकूण ०.३ चौरस मीटर, निम्मी खाली निम्मी वर. यात जाळी धरलेली नाही. बारीक जाळी बरीच जागा खाते, आणि धूळ बसली की उरलेलीही.

शिडीवरून

आणि झरोके आहेत म्हणून ते उघडे आहेत असं समजू नका! बाहेरून छान दिसतात, आतून ग्लासवूल (ऊब अडवायला अंथरतात ती काचतंतूंची लोकर) कोंबलेलं असतं. चिमण्यांची घरटी असतात. कुणीतरी गार वारा येतो म्हणून चिंध्या घातलेल्या असतात. दिवसा माळ्यावरचा दिवा बंद करून वळचणीकडे बघायचं. उजेडाची फट दिसत नसेल तर हवाही येत नाही.

पानगळ

एक प्रश्न. आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली. तेव्हा झरोके उघडे ठेवणं म्हणजे बाहेरची ओल आत बोलावणं नाही का? आमच्या शेजारी पावसाळ्यात झरोके बंद करतात.

टेकू

दिवसा उघडे असलेलेच बरे. ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा माळ्यावर येऊन ३८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. बाष्प तेवढंच, पण गरम हवेला अजून पाणी घ्यायला जागा असते, म्हणून ती लाकूड वाळवते.

रंधा

इथे मी थोडा वेगळा. कागदावर हे बरोबर आहे, पण आठवडाभर झड लागते तेव्हा माळा ३८ काय, बाहेरपेक्षा दोन अंशही वर जात नाही. त्या दिवसांत झरोक्यांनी काही वाळत नाही, उलट झडीचं पाणी आत येतं. मी बंद करा म्हणणार नाही, पण झरोक्याला तिरप्या पट्ट्या हव्यात. आणि पानगळताईंसारखं गार डक्ट वर असेल तर झरोक्यांच्या आधी डक्टचे सांधे. एसी घराचं छत झरोक्यांच्या भरवशावर सोडू नये.

टेकू

झडीच्या दिवसांबद्दल मान्य. डक्टबद्दल तर पूर्ण मान्य.

मोरपंखी

मधेच तोंड घालते. काळं दिसलं की ती बुरशीच असते का? आमच्या माळ्याच्या त्रिकोणी भिंतीवर पांढरं काहीतरी फुललंय, कापसासारखं. ती पांढरी बुरशी आहे असं घरच्यांनी ठरवलंय आणि कुणी वर जायला तयार नाही.

रंधा

भिंत विटांची असेल तर बहुधा लोणा. थोडं खरवडून पाण्यात टाका. विरघळलं तर क्षार, म्हणजे भिंतीतून पाणी येऊन वाळतंय. बुरशी विरघळत नाही. या क्षारांपासून तब्येतीला भीती नाही, पण भिंत बाहेरून पाणी पितेय एवढं त्यातून कळतं. बाहेरचा गिलावा आणि छपराला मिळतो तो सांधा बघा.

काळ्याचंही तसंच. खिळ्याभोवती निळसर काळं वर्तुळ असेल आणि ते बोटानं पुसलं जात नसेल तर ती लोखंडाची आणि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याची रासायनिक करामत आहे, पूर्वी काळी शाई याच दोघांपासून करायचे. बुरशी ठिपक्या-ठिपक्यांनी पसरते, पृष्ठभागावर असते, ओल्या फडक्याला थोडी तरी लागते. लाकडाचा खरा शत्रू म्हणजे कूज. तिथं लाकूड तपकिरी होतं, आडवे-उभे तडे जाऊन चौकोनी तुकडे पडल्यासारखं दिसतं, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज रुततं. नुसती बुरशी असलेल्या फळीत ते रुतत नाही.

वाळवीलाही ओलं लाकूडच आवडतं, तेव्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलाच आहात तर वाशांची भिंतीत गेलेली टोकंही टोचून बघा.

चिवट

एक राहिलं. उंदीर आणि वटवाघळं. त्यांच्या मुताचे डाग हुबेहूब गळतीसारखे दिसतात, तपकिरी कडेसकट. वासावरून कळतं, पण लोक वासाला 'कुबट' म्हणून मोकळे होतात. मीच पहिल्यांदा कौलाचं म्हणालो होतो, आता तेवढाही सल्ला मोफत घ्या.

वासावरून आठवलं. गटाराचा वास येत असेल तर संडासाची हवेची नळी माळ्यावरच संपवलेली नाही ना ते बघा. ती छपराच्या वर जायला हवी. तीही दमट हवा ओकत असते, आणि वर दुर्गंधी.

झुळूक

माझ्याकडे आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आहे. माळ्यावर ठेवलं तर रात्री ८५ टक्के, दुपारी ५०. याचा अर्थ काय घ्यायचा?

टेकू

एकट्या टक्क्याचा काहीच घेऊ नका. हवा गार झाली की टक्का आपोआप चढतो, एक थेंबही नवीन आलेला नसताना. तापमान आणि टक्का दोन्ही लिहा, त्यावरून दवबिंदू काढा (फोनवर काढून देणारी ॲप आहेत), आणि त्याच वेळी बाहेरच्या हवेचा दवबिंदू काढून शेजारी लिहा. रात्री दोन्ही जवळपास सारखे असतील तर माळ्यावर बाहेरचीच हवा आहे, चिंता नको. माळ्यावरचा रोज रात्री बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त येत असेल तर घरातून काहीतरी वर जातंय. दुपारी मात्र फसायला होतं. ऊन लागलं की फळ्या रात्री प्यायलेलं पाणी हवेत सोडतात आणि दवबिंदू एकदम वर जातो. म्हणून तुलना रात्रीची करा.

लाकडात टोचायचं मीटर मिळालं तर अजून चांगलं. माळ्यावरचं निरोगी लाकूड साधारण १० ते १५ टक्क्यांत असतं. २० च्या वर सातत्यानं दिसलं तर कारण शोधायलाच हवं. कूज सुरू व्हायला साधारण २८-३० लागतात, पण बुरशी तेवढी वाट बघत नाही. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती येते.

झुळूक

धन्यवाद. लिहून ठेवते. आमच्याकडे थंडीत गॅसचा हीटर लावतो, त्यानं हवा कोरडी होते ना?

टेकू

नळी नसलेला असेल तर उलट. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, आणि ते सगळं खोलीतच. खोली कोरडी वाटते ती गरम झाल्यामुळे. बाष्प वाढलेलंच असतं, आणि ते वर जायची वाट शोधतं. खोलीत कपडे वाळत घालणं, तळघरात ओल असणं, नवीन बांधकामातलं न वाळलेलं काँक्रीट, सगळ्याचा हिशेब शेवटी माळ्यावर येऊन मांडला जातो. आणि तो हीटर बंद खोलीत, खिडकी न उघडता वापरत असाल तर आजच थांबवा. ओलीचं कारण बाजूला ठेवा, श्वासाचं आहे.

कवडसा

आमच्याकडचं पुढचं विचारते. फॅनची नळी छपरातून बाहेर काढायला माणूस ठरवलाय. यजमानांचं म्हणणं, एवढं वर काम काढतोयच तर तक्तपोशीवर जाड ग्लासवूल अंथरून घेऊ, घर उबदार होईल आणि ओलही थांबेल. करू का?

टेकू

करा, पण आधी भोकं बुजवा. हा क्रम उलटा झाला तर ओल वाढते, आणि कुणाला कळत नाही का वाढली. आत्ता घरातली ऊब थोडी वर जाते म्हणून फळ्या थोड्या तरी कोमट आहेत. ग्लासवूल घातलं की ऊब खालीच राहणार, माळा आणखी गार होणार. फटी तशाच असतील तर दमट हवा मात्र ग्लासवूलमधून आरामात वर जाणार, कारण ते हवा अडवत नाही. म्हणजे बाष्प तेवढंच आणि पृष्ठभाग अजून थंड.

तेव्हा वायरी-नळांच्या जागा सीलंटनं बंद करा, झाकणाला रबरी पट्टी लावा, धुराड्याभोवती पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट वापरा, तिथं साधा फोम चालत नाही. छतात बसवलेले दिवे गरम होणारे असतील तर त्यांच्यावर काही अंथरायच्या आधी वायरमनला विचारा. ग्लासवूल वळचणीपर्यंत ढकलू नका, झरोक्यापासून वर हवा जायला फळीखाली वाट ठेवा. आणि आत्ता वर आधीचं काही भिजून चपटं झालेलं अंथरलं असेल तर काढून टाका. दबलेलं ग्लासवूल पुन्हा फुगत नाही.

शिडीवरून

फट कुठं आहे ते शोधायला थंड, वाऱ्याच्या दिवशी माळ्यावर जाऊन खाली खोलीतला दिवा लावायला सांगा. जिथून उजेड वर येतो तिथून हवाही येते. जुन्या ग्लासवूलवर काळपट पट्टे दिसले तर तेही बघा, हवा गाळली जाऊन तिथं धूळ साठलेली असते. पट्ट्याच्या खाली फट नक्की.

कवडसा

आणि त्या काळ्या फळ्यांचं? बदलाव्या लागतील का? एकानं सांगितलं ब्लीच मारा, दुसऱ्यानं सांगितलं खालून ऑइलपेंट मारून टाका, डाग झाकले जातील.

रंधा

स्क्रूड्रायव्हर रुतत नसेल तर एकही फळी बदलू नका.

ब्लीचनं रंग उडतो, पण त्यातलं पाणी लाकडात मुरतं आणि बुरशीची मुळं तशीच राहतात. आधी ओल थांबवा, फळ्या वाळू द्या, मग कोरड्या ब्रशनं आणि चांगल्या फिल्टरच्या व्हॅक्यूमनं साफ करा. एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, आणि माळ्याचं झाकण बंद, नाहीतर ते सगळं खाली घरात येईल. दमा असलेल्या माणसानं वर जाऊ नये. बुरशी चौरस मीटरभर जागेपेक्षा फार पसरलेली असेल तर हे काम करणारी माणसं बोलवा. तुमचं वर्णन वाचून तरी अख्खं पाखं आहे असं वाटतंय, तेव्हा बोलवाच.

ऑइलपेंट अजिबात नको. वरून डांबरी कागद आहे, खालून पेंट मारलात तर फळी दोन्हीकडून बंद होते, आत राहिलेलं पाणी वाळायला वाटच उरत नाही. काळसर डाग थोडे राहतील, राहू देत. त्यांच्याभोवती खडूनं रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. पुढच्या थंडीत डाग रेघेच्या बाहेर गेला का ते बघायचं.

कवडसा

खडूची युक्ती आवडली. नळीचं काम झालं की लिहिते इथे. तोपर्यंत आंघोळीनंतर फॅन लावू की बंद ठेवून खिडकी उघडू?

रंधा

खिडकी. आणि न्हाणीघराचं दार लावून.